जन्मजात हृदयविकार असलेली मुलं आणि खानदेश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले पालक, आशाताई आणि अंगणवाडी सेविका जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण मुलं नेमकी तिथेच अडकतात. बाळाला आत्ता धाप लागली असेल किंवा जीभ-ओठ निळे दिसत असतील तर वाचत बसू नका, १०८ ला फोन करा.

आपल्याकडे अशी मुलं जास्त जन्मतात का?

नाही. कुठेही गेलात तरी दर हजार जन्मांमागे साधारण आठ ते दहा बाळांच्या हृदयाच्या रचनेत काहीतरी दोष असतो. पडद्याला छिद्र असतं, एखादी झडप अरुंद असते, नाहीतर रक्तवाहिन्यांची जागा चुकलेली असते. देशात दरवर्षी अशी दोन लाखांहून जास्त बाळं जन्मतात. त्यांतल्या सुमारे एक पंचमांश बाळांना पहिल्या वर्षातच ऑपरेशन किंवा कॅथेटरने (शिरेतून घातलेल्या बारीक नळीने) उपचार लागतात. मुंबईतलं बाळ असो की मोलगीच्या पाड्यावरचं, जन्माला येताना दोघांचा धोका जवळपास सारखाच असतो. पुढे काय होतं ते मात्र पत्त्यावर ठरतं.

ऑपरेशन तर योजनेत फुकट होतं. मग भेदभाव उरला कुठे?

वेळेत. हृदयाच्या प्रत्येक दोषाला उपचाराची एक मुदत असते. काहींची मुदत वर्षांची, काहींची महिन्यांची आणि एक-दोन प्रकारांत तर आठवड्यांचीच. ती उलटली की पैसा असूनही उपयोग होत नाही. शहरातल्या नोकरदार घरातलं बाळ पहिल्याच आठवड्यात बालहृदयरोगतज्ज्ञापर्यंत पोचतं. धडगावच्या बाळाचं आधी निदान रखडतं, मग इको (हृदयाची सोनोग्राफी), मग रेशनकार्ड, मग ऑपरेशनची तारीख, आणि तारीख मिळाल्यावर गाडीभाडं. यातला कुठलाच थांबा एकटा जीव घेत नाही. चार-पाच थांबे मिळून बाळाची मुदत खाऊन टाकतात. 'योजना आहे की' असं म्हणून हात झटकणाऱ्यांना ही बेरीज दाखवावी लागते.

घरी कसं ओळखायचं?

लहान बाळाचं दूध पिणं हीच त्याची मेहनत. हृदयावर ताण असेल तर तो तिथेच दिसतो. बाळ दोन घोट घेतं, थांबतं, धापा टाकतं, पुन्हा ओढतं आणि अर्ध्यात झोपी जातं. कपाळाला घाम सुटतो, थंडीतसुद्धा. अहिराणी बोलणारी आजी हे बरोबर सांगते, "दूध पेता पेता पोर दमी जास, कपायले घाम येस." हे वाक्य केसपेपरवर जसंच्या तसं उतरलं पाहिजे. बऱ्याचदा तिथे फक्त 'अशक्तपणा' एवढंच लिहिलं जातं.

श्वास मोजा. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट बघायची. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास असतील तर ते नेहमीचं नाही. वारंवार न्यूमोनिया होणं, वजन न वाढणं, छाती आत ओढली जाणं या खुणाही लक्षात ठेवा. बाळाला वर्षभरात पुन्हा पुन्हा न्यूमोनियासाठी भरती करावं लागलं आणि हृदयाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, तर तुम्हीच विचारा.

निळेपणा ओळखण्यात एक गोम आहे. त्वचा सावळी असेल तर तो बोटांवर किंवा गालावर चटकन दिसत नाही. म्हणून जीभ आणि हिरड्या बघायच्या, त्याही दिवसाच्या उजेडात. दुसरं, अंगात रक्त कमी असलेल्या बाळात ऑक्सिजन घटलेला असूनही निळेपणा दिसेलच असं नाही, कारण निळा रंग दिसायला पुरेसं हिमोग्लोबिन लागतं. आपल्याकडे रक्तक्षय घरोघरी. त्यामुळे 'बाळ निळं नाही म्हणजे हृदय ठीक' असं समजू नका. बोटाला लावायचं ऑक्सिमीटरही काळ्या-सावळ्या त्वचेवर कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. आकडा काठावर असेल तर पुन्हा मोजायला सांगा.

बाळंतपण दवाखान्यात झालं, डॉक्टरांनी बाळ तपासलं होतं. तेव्हाच का नाही सापडलं?

यात दरवेळी डॉक्टरांची चूक असतेच असं नाही. मोठ्या छिद्राचा आवाज पहिल्या दिवसांत ऐकू येत नाही, फुप्फुसांतला दाब उतरला की मग यायला लागतो. काही गंभीर दोषांत बाळाच्या हृदयाजवळची, पोटात असतानाची एक जोडवाहिनी जन्मानंतरही काही दिवस उघडी राहते आणि तिच्या जोरावर बाळ छान दिसतं. ती बंद झाली की बाळ अचानक ढासळतं. तोवर आई डिस्चार्ज घेऊन माहेरी गेलेली असते.

यावर एक साधी तपासणी आहे. जन्मानंतर २४ तास झाले की उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून ऑक्सिजन मोजायचा. दोन्हीकडे ९५ टक्के किंवा जास्त आणि दोहोंत तीनपेक्षा जास्त फरक नसावा. कुठेही ९० च्या खाली आला तर थांबायचं नाही. सुई नाही, रक्त नाही, पाच मिनिटांचं काम. तरीही सगळ्या प्रसूतिगृहांत ती होत नाही. घरी जाण्याआधी सिस्टरला विचारा, "बाळाच्या हाता-पायाचा ऑक्सिजन मोजला का?" घरीच बाळंतपण झालं असेल तर आशाताईंच्या पहिल्या दीड महिन्यातल्या घरभेटी हाच आधार. त्या भेटी सहीपुरत्या होऊ देऊ नका.

"मोठं झाल्यावर बघू" असं सांगितलं. थांबायचं का?

ते कुठला दोष आहे यावर अवलंबून आहे. हा सल्ला कधी अगदी बरोबर असतो, कधी जीवघेणा, आणि पालकांना दोन्ही वेळा एकाच सुरात ऐकू येतो.

खालच्या दोन कप्प्यांमधलं लहान छिद्र पुष्कळदा आपोआप बंद होतं. तिथे ठरलेल्या वेळी इको करत राहणं हाच उपचार. वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याचं छिद्र असेल आणि बाळ हसतं-खेळतं असेल, तर सहसा दोन ते चार वर्षांपर्यंत थांबतात. अनेकदा छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून बटनासारखं उपकरण बसवून ते बंद होतं.

खालच्या कप्प्यांमधलं छिद्र मोठं असेल तर मात्र चित्र बदलतं. डाव्या बाजूचं जोरदार रक्त त्या छिद्रातून फुप्फुसांकडे ढकललं जातं. ठिबकच्या नळीला विहिरीवरच्या मोटारीचं सगळं प्रेशर सोडलं तर काय होईल ते केळी लावणाऱ्याला सांगायला नको. फुप्फुसांच्या नाजूक रक्तवाहिन्या फुटत नाहीत, पण स्वतःला वाचवण्यासाठी जाड होत जातात. सुरुवातीला छिद्र बंद केलं की त्या पूर्ववत होतात. उशीर झाला की जाडपणा कायमचा होतो, दाब उलटतो आणि अशुद्ध रक्त अंगभर जायला लागतं. याला आयझेनमेंगर म्हणतात. या टप्प्यावर छिद्र बंद करणं धोक्याचं ठरतं, आणि डॉक्टर ऑपरेशन नाकारतात ते खरोखर बाळाच्या भल्यासाठी. म्हणून मोठ्या छिद्राचं ऑपरेशन पहिल्या वर्षात, बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच व्हायला हवं.

यातला सगळ्यात वाईट सापळा असा. दाब वाढायला लागला की फुप्फुसांकडे जाणारं जादा रक्त कमी होतं, म्हणून बाळाची धाप कमी होते, न्यूमोनिया थांबतो, वजनही थोडं चढतं. घरच्यांना वाटतं, पोर सुधारलं, आता ऑपरेशन कशाला? खरं तर दार त्याच काळात बंद होत असतं. मोठं छिद्र असलेलं बाळ उपचाराशिवाय अचानक 'बरं' वाटायला लागलं तर आनंद मानू नका, इको करा.

निळसर बाळांत फॅलोची टेट्रालॉजी हा नेहमी आढळणारा प्रकार आहे. तब्येत स्थिर असेल तर त्याचं ऑपरेशन सहा महिने ते एक वर्षाच्या दरम्यान करतात. दोन मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असेल तर पहिल्या तीन-चार आठवड्यांतच करावं लागतं. तिथे 'मोठं झाल्यावर' हा शब्दच चालत नाही.

थोडक्यात, डॉक्टरांना दोन गोष्टी कागदावर लिहून मागा. दोषाचं नाव, आणि कुठल्या महिन्यापर्यंत उपचार व्हायला हवा तो महिना. नुसतं 'हार्टला होल आहे' एवढ्यावर घरी परतू नका.

वजन कमी आहे, आधी वजन वाढवा म्हणतात.

नंदुरबारमध्ये हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. कुपोषित बाळ दिसलं की ठरलेल्या वाटेने जातं: अंगणवाडीचा आहार, मग पोषण पुनर्वसन केंद्र. वाट चुकीची नाही. पण मोठं छिद्र असलेल्या बाळाच्या पोटात गेलेलं सगळं श्वास घेण्यातच खर्च होतं. त्याचं वजन आहाराने फारसं वाढणार नाही, छिद्र बंद झाल्यावर वाढेल. अशा बाळाला वजनासाठी थांबवणं म्हणजे मुदत वाया घालवणं. पोषण केंद्रात दोन आठवडे नीट खाऊन-पिऊनही वजन हललं नाही तर हृदय तपासून घ्यायचा आग्रह धरा. तोवर आईचं दूध तोडू नका, थोडं थोडं पण वारंवार पाजा. डॉक्टर दूध घट्ट किंवा जास्त उष्मांकाचं करायला सांगतील तसं करा.

रडता रडता बाळ काळंनिळं पडलं तर?

दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन छातीला दाबून धरा, आईच्या खांद्याशी, शांतपणे. पाणी तोंडात घालू नका, कांदा हुंगवू नका. तेवढ्यात कुणीतरी १०८ ला फोन करावा. झटका ओसरला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. चालणारं मूल खेळता खेळता मध्येच उकिडवं बसत असेल तर तीही हीच खूण.

शाळा-अंगणवाडीत तपासायला येणारं ते पथक कुठलं? आमच्या पाड्यावर मूल सापडलंच नाही म्हणतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक. देशभरातला हा कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ ला महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात येते आणि जन्मजात हृदयविकार यादीत आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा पथक यायला हवं. त्यांनी शोधलेल्या मुलाला पुढे जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, आणि पुढची सगळी साखळी तिथून हलते. कार्यक्रम चांगला आहे. तो नसता तर आज वाचलेली कितीतरी मुलं गेली असती.

अडचण कॅलेंडरची आहे. दिवाळी झाली की सातपुड्यातली कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला निघतात. चाळीसगाव-पाचोऱ्याकडचे मुकादम टोळ्या घेऊन कारखान्यांवर जातात. बाळ आईच्या पाठीवर फडात असतं आणि पथक अंगणवाडीत. हजेरीपटावर 'स्थलांतरित' असा शेरा पडतो. होळीला मात्र अख्खा पाडा परत येतो. बाकी काही बदललं नाही तरी पथकाच्या भेटी होळीच्या आठवड्यात लावल्या तर किती मुलं सापडतील! तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे ग्रामपंचायतीने ठराव करून हे मागायला हरकत नाही. आणि तुम्ही स्थलांतर करणार असाल तर निघण्याआधी आशाताईंना सांगा. तिकडच्या अंगणवाडीतही बाळाची नोंद मागता येते.

इको कुठे करायचा?

धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जळगाव आणि नंदुरबारची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं इथे आधी चौकशी करा. मात्र तान्ह्या बाळाचा इको आणि मोठ्या माणसाचा इको हे एकच काम नाही. त्याला लहान प्रोब लागतो आणि बालहृदयाची जाण असलेला डॉक्टर लागतो. रिपोर्टवर 'पुन्हा तज्ज्ञाकडून तपासावा' असं लिहिलं असेल तर ती औपचारिकता समजू नका.

खर्च कोण करतं?

महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना. जुन्या लोकांना ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठवत असेल. जुलै २०१२ मध्ये पहिल्या आठ जिल्ह्यांत ती आली त्यांत धुळं होतं. आज ती केंद्राच्या आयुष्मान योजनेशी जोडलेली आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि पांढरं रेशनकार्डही चालतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, पहिली भेट त्याची घ्यायची. हेल्पलाइन १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००.

योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधी आहे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. पाटी दिसली नाही तरी धर्मादाय कक्षाबद्दल विचारा. नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनी हे मुलांच्या हृदयाचं रुग्णालय आहे, तिथे बिलाचा काउंटरच नाही. तिथे रांग असते हेही खरं, म्हणून कागद लवकर पाठवलेले बरे.

मग लोक कर्ज का काढतात?

कारण योजना ऑपरेशनचे पैसे देते, दिवसांचे देत नाही. नंदुरबारहून मुंबई रस्त्याने सुमारे ४०० किलोमीटर. एकदा इकोला, एकदा तारीख घ्यायला, एकदा भरतीला, मग टाके दाखवायला, मग तीन महिन्यांनी. दरवेळी किमान दोन माणसं, म्हणजे दोघांचा रोज बुडाला. सालदाराने आखाजीलाच (अक्षय्य तृतीयेला) वर्षाची उचल घेतलेली असते, खाडे झाले की ते हिशोबातून कापले जातात. घरी मागे राहिलेल्या पोरांना कोण बघणार? रक्तदाते कुठून आणायचे? ऑपरेशन फुकट झालेल्या घरावर सावकाराचं व्याज चढलेलं दिसतं ते असं. हे कुठल्याच बिलात नसतं, म्हणून कुठल्याच अहवालात येत नाही.

काही गोष्टी माहीत असाव्यात. हृदयाच्या ऑपरेशनला जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेत दुसऱ्या वर्गात व स्लीपरमध्ये ७५ टक्के सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक फॉर्म लागतो. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहेच. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे बाहेरगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांची राहायची सोय होते. मोठ्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. डॉक्टरांच्या रांगेत उभं राहण्याआधी त्यांच्या खोलीचा पत्ता विचारा, अर्धं काम तिथे होतं.

रेशनकार्डावर बाळाचं नावच नाही.

बाळाचा जन्मदाखला, आई-वडिलांचं आधार आणि रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राला भेटा. नवजात बाळासाठी वाट असते. जन्मदाखला मात्र लागतोच, आणि घरी झालेल्या बाळंतपणात तोच राहून जातो. ग्रामसेवकाकडे २१ दिवसांच्या आत नोंद केली तर काही त्रास नाही. आजारी बाळ झाल्यावर नोंदीसाठी धावणं फार जड जातं. आधारवरचं नाव एक आणि रेशनवरचं दुसरं, ही आणखी एक नेहमीची खोट. ती घरीच तपासा, मुंबईच्या खिडकीवर ती सुधारत नाही.

आम्हाला सुरत जवळ. तिकडे कार्ड चालतं का?

नवापूर-नंदुरबारच्या माणसाला रेल्वेने सुरत खरोखरच जवळ आहे, आणि नातेवाईकही तिकडेच असतात. तुमचं आयुष्मान कार्ड केंद्राच्या यादीतलं असेल तर राज्याबाहेरच्या संलग्न रुग्णालयातही ते चालतं. फक्त राज्याच्या योजनेत बसत असाल तर सहसा नाही. आयुष्मानच्या १४५५५ या हेल्पलाइनवर विचारून, त्या रुग्णालयात बालहृदय शस्त्रक्रिया योजनेत होते का याची खात्री करूनच निघा.

तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली.

वाट बघत बसू नका. इको रिपोर्टची प्रत दुसऱ्या दोन ठिकाणी दाखवा. योजनेतलं एकच रुग्णालय धरून बसायची सक्ती नाही. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राला रिपोर्टवरचा 'अमुक महिन्यापर्यंत' हा शेरा दाखवून पाठपुरावा करायला लावा. मधल्या काळात बाळ बिघडलं तर लगेच कळवा, तारीख अलीकडे येते. सांगितलेलं लघवीचं औषध मनाने बंद करू नका. तान्ह्या बाळाचा डोस फार बारीक असतो, गोळीचे अंदाजाने तुकडे नकोत, औषध कसं मोजायचं ते सिस्टरकडून करून बघा.

मुलगी आहे. घरचे म्हणतात, छातीवर व्रण राहिला तर लग्न कसं होणार?

हे उघड बोलायला हवं. दिल्लीच्या एम्समधला, २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. हृदयाचं ऑपरेशन सुचवलेल्या मुलग्यांपैकी ७० टक्क्यांचं ते झालं, मुलींपैकी फक्त ४४ टक्क्यांचं. आजार तोच, रुग्णालय तेच. त्याच साली झालेल्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याचं सहा वर्षांखालच्या मुलींचं प्रमाण राज्यात अगदी खालच्यांत होतं, तेव्हा हे दिल्लीकडचं म्हणून सोडून देता येत नाही. मुलीला 'नंतर बघू' म्हणताना कुणी वाईट हेतूने म्हणत नाही. शेतीची कामं आटपू द्या, भावाची फी भरू द्या, असंच ते असतं. मुदत मात्र संपते. व्रण वर्षागणिक फिका होतो, आणि काही दोष तर टाका न घालता बंद होतात. उपचार झालेल्या बहुतेक मुली पुढे शिकतात, काम करतात, लग्न करतात. बाळंतपणाआधी हृदय तपासून घ्यायचं, एवढंच.

आईने ग्रहण पाळलं नाही म्हणून झालं का?

नाही. ग्रहणाचा, विळीचा, कुणाच्या नजरेचा काही संबंध नाही. बहुतेक वेळा ठोस कारण सापडतच नाही. जी कारणं माहीत आहेत त्यांत आईचा ताब्यात नसलेला मधुमेह, गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत झालेला रुबेला, काही औषधं आणि जनुकीय दोष येतात. रुबेलाची लस आता गोवराबरोबर मुलांना दिली जाते. शाळेत लस चुकवणाऱ्या पालकांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी. पहिलं बाळ असं असेल तर पुढच्या वेळी १८ ते २४ आठवड्यांत गर्भाच्या हृदयाची खास सोनोग्राफी करून घ्या. दोष कळला तर बाळंतपण मोठ्या केंद्राजवळ ठरवता येतं, आणि तान्ह्या बाळाला घेऊन धावण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

आमच्यात सिकलसेल आहे. ऑपरेशन करता येतं?

येतं, पण सर्जनला आधी माहीत हवं. भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं प्रमाण जास्त आहे. ऑपरेशनच्या वेळी रक्त यंत्रातून फिरवतात, शरीर थंड करतात. अशा वेळी सिकलसेलच्या पेशी वाकड्या होऊन रक्तवाहिन्या अडवू शकतात. म्हणून आधी रक्त बदलण्यासारखी तयारी करतात. सिकलसेलचं कार्ड इकोच्या फाईलला जोडा. मुंबईच्या डॉक्टरला तुमचं गाव ऐकून हे सुचेलच असं नाही. तपासणीच झालेली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत होते.

गंभीर नवजात बाळाला इतक्या लांब न्यायचं कसं?

नुसतं 'रेफर' लिहिलेला कागद घेऊन गाडीत बसू नका. तिकडे खाट आहे का, हे इथल्या डॉक्टरांनी फोनवर पक्कं करायला हवं. १०८ बद्दलही त्यांनाच बोलायला सांगा. काही दोषांत ती जोडवाहिनी उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिनचं औषध वाटेतही चालू ठेवावं लागतं. जिल्ह्याच्या नवजात शिशू कक्षात ते आहे का, विचारा. बाळ ऊबदार ठेवा. नर्मदाकाठच्या गावांना तर आधी बोट, मग जीप, मग रुग्णवाहिका, आणि काही पाड्यांवर पहिला टप्पा झोळीचाच. अशा बाळासाठी आदल्या रात्रीच खाली उतरून तालुक्याला येणं शहाणपणाचं.

डॉक्टरांचं बोलणं कळत नाही.

पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या आईला इंग्रजी संमतीपत्रावर अंगठा लावायला सांगणं ही संमती नव्हे. आपल्या भाषेत सांगणारा माणूस मागा. आशाताई, समाजसेवक, वॉर्डातली दुसरी आई, कुणीही चालेल. न समजलेलं पुन्हा विचारलं तर कुणी रागावलं तरी चालेल.

डाऊन सिंड्रोमचं बाळ आहे. "ऑपरेशन करून काय उपयोग" असं म्हणतात.

असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. यांतल्या जवळपास निम्म्या बाळांना हृदयदोष असतो आणि फुप्फुसांतला दाब इतरांपेक्षा लवकर वाढतो. म्हणजे यांना उलट जास्त घाई आहे. योजनेत त्यांचाही हक्क तेवढाच.

भगताने पोटावर डाग द्यायला सांगितलं.

नको. भाजलेल्या जागी जंतुसंसर्ग झाला तर तो रक्तातून हृदयापर्यंत जाऊ शकतो. देवाचं जे करायचं ते करा, बाळाच्या अंगाला हात न लावता.

मोठ्या मुलाला सांधे दुखून हृदयाचा त्रास झाला. तेही हेच का?

नाही, तो संधिवाताचा हृदयविकार, घसादुखीनंतर होणारा. त्याला ठरलेल्या दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, ते चुकवू नका.

ऑपरेशन झालं. आता सुटलो ना?

बऱ्याच अंशी. पण काही दोषांत पुढे झडप बदलावी लागते, ठोके अनियमित होतात, म्हणून दरवर्षी एकदा तपासणी हवी. दात स्वच्छ ठेवा, किडलेल्या दातांतून हृदयाला संसर्ग होतो. दात काढण्याआधी दंतवैद्याला हृदयाचं सांगा. लसी सगळ्या द्या. शाळेत मास्तर घाबरून मुलाला मैदानाबाहेर बसवतात. डॉक्टरांकडून 'खेळू शकतो' अशी चिठ्ठी आणून द्या, म्हणजे वाद मिटतो.

फाईल हरवली तर?

आजच मोबाईलवर प्रत्येक कागदाचा फोटो काढा: इको रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद. एक प्रत आशाताईंच्या मोबाईलवर पाठवा. ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथे केस नंबर सांगितला तर दुसरी प्रत मिळते, म्हणून तो नंबर घरात भिंतीवर किंवा कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.